जीभ तोंडात मावत नाही तेव्हा

बाळाची जीभ सारखी बाहेर राहते, असं म्हटलं की धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबसारख्या गावात आईला ठरलेली उत्तरं मिळतात. आजी सांगते, दात आले की जाईल आत. शेजारीण म्हणते, जिभेखालची दोरी कापून घ्या. मेडिकलवाला टॉनिकचे थेंब काढून देतो. तिघांचाही हेतू चांगला असतो आणि बहुतेक वेळा तिघांचंही चुकतं. जिभेखालची दोरी आखूड असेल तर जीभ बाहेर येतच नाही, उलट अडकून राहते. दात येऊनही जिची जागा बदलणार नाही अशी जीभ खरोखरच मोठी असते, आणि तिला टॉनिक लागू पडत नाही.

वैद्यकशास्त्रात याला मॅक्रोग्लॉसिया म्हणतात. हा स्वतंत्र आजार नसून दहा-पंधरा निरनिराळ्या आजारांची एकच दिसणारी खूण आहे. त्यातला एखादा रोजच्या एका गोळीने आटोक्यात येतो, एखाद्यावर सात वर्षं पाळत ठेवावी लागते, तर एखादा अर्ध्या तासात श्वास बंद करू शकतो. त्यामुळे जीभ किती मोठी आहे यापेक्षा ती कधीपासून मोठी आहे, हे आधी विचारायला हवं. जन्मापासून, दोन-तीन महिन्यांत हळूहळू, चाळिशीनंतर, की आज सकाळी चहा घेतल्यावर? पुढचं जवळजवळ सगळं या उत्तरावर ठरतं.

जीभ मोजायची सर्वमान्य फूटपट्टी कोणाकडेच नाही. डॉक्टर पाहतात ते साधंच असतं. मूल निवांत असताना जीभ हिरड्यांच्या किंवा दातांच्या ओळीबाहेर येते का, मोठ्या माणसाच्या जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेत का, लाळ गळते का, झोपेत घोरणं आणि मधेच श्वास थांबणं आहे का. जीभ वर्षानुवर्षं दातांवर रेटत राहिली की पुढचे दात एकमेकांना भिडत नाहीत आणि खालचा जबडा पुढे येतो. बोलण्यावरही परिणाम होतो. मराठीतले ट, ड, ण, ळ म्हणताना जिभेचा शेंडा मागे वळवावा लागतो आणि प, ब, म म्हणताना ओठ मिटावे लागतात. जीभ मधे आडवी आली की दोन्ही अडतं. कळंबच्या पोराला मग स्वतःच्या गावाचं नावच आधी अवघड जातं.

मात्र बाहेर दिसणारी प्रत्येक जीभ मोठी नसते. डाऊन सिंड्रोमच्या मुलांची जीभ बहुतेक वेळा नेहमीच्याच मापाची असते. जबडा आणि तोंडाची पोकळी लहान, टाळू अरुंद आणि स्नायू सैल असल्यामुळे ती बाहेर लोंबल्यासारखी दिसते. या मुलांना कात्रीपेक्षा तोंडाच्या स्नायूंचे व्यायाम, घोट गिळायची सवय आणि वाचाउपचार जास्त उपयोगी पडतात. त्यांच्यात थायरॉइडचा दोषही इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यामुळे ‘डाऊनचं बाळ आहे, जीभ अशीच असणार’ म्हणून रक्ततपासणी टाळणं हा हलगर्जीपणा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं कारण पाहू. ते सर्वांत सोपंही आहे आणि सर्वांत जास्त निसटतंही तेच. काही बाळांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जन्मतः नसते, अर्धवट वाढलेली असते किंवा संप्रेरक तयार करण्यात कमी पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या काही केंद्रांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा सुमारे ११३० बाळांमागे एक असं प्रमाण निघालं. पाश्चात्त्य देशांत ते बरीच वर्षं तीन-चार हजारांमागे एक असं सांगितलं जात होतं. म्हणजे आपल्याकडे हा दोष दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा नाही.

फसवणूक होते ती इथे. आईच्या रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच संप्रेरक, थोडंफार बाळापर्यंत पोचलेलं असतं, त्यामुळे जन्मताना यातली बहुतेक बाळं धडधाकट दिसतात. जीभ जाड होणं, घोगरं रडणं, बद्धकोष्ठ, गार पडलेली कोरडी त्वचा, लांबलेली कावीळ, मोठी राहिलेली टाळू आणि फुगलेली बेंबी ही सगळी लक्षणं पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत एकेक करून येतात. घरात तोवर कौतुक चाललेलं असतं. बाळ किती गुणी, रडत नाही, रात्रभर झोपतं, दुधासाठीही उठवावं लागतं! सुस्त बाळाचं गुणी बाळ म्हणून कौतुक होण्याइतकी वाईट चूक दुसरी नसेल, कारण याच काळात मेंदू सर्वांत वेगाने वाढत असतो आणि त्या वाढीला थायरॉक्सिन लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतर मुलांसारखंच शाळेत जातं. तीन-चार महिन्यांनी सुरू झालं तर जीभ आत जाते, पण बुद्धीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. या आजारात जीभ ही उशिरा बोलणारी साक्षीदार आहे, तिची वाट पाहून चालत नाही.

जुन्या घरांत बेंबी फुगली की तिच्यावर नाणं ठेवून पट्टा बांधतात, आणि जिभेसाठी हळद, मध किंवा कुणी सांगितलेलं काहीही चोळतात. बेंबीचा उपाय एकीकडे, जिभेचा दुसरीकडे. दोन्ही एकाच बाळात आहेत म्हणजे काहीतरी एकच कारण असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. फुगलेली बेंबी आणि मोठी जीभ एकत्र दिसली की थायरॉइडचा दोष किंवा पुढे येणारा बेकविथ-वीडेमान सिंड्रोम, हे दोन्ही तपासल्याशिवाय बाळाला घरी पाठवू नये. बिब्बा तर जिभेजवळही नेऊ नये. तो कातडी भाजतो, मग आतल्या नाजूक पडद्याचं काय होईल ते सांगायला नको.

मग करायचं काय? बाळ ४८ ते ७२ तासांचं झालं की टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब जाड कागदावर घ्यायचे आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासायचं. त्याआधी घेतलं तर आकडा फसवा वाढलेला येतो, कारण जन्मानंतर लगेच टीएसएच प्रत्येकच बाळात उसळतं. पहिल्या दिवशीच घरी जाणाऱ्या बाळांसाठी नाळेच्या रक्ताचा पर्याय आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ द्युसो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबातून थायरॉइड तपासण्याचं तंत्र उभं केलं आणि काही वर्षांत श्रीमंत देशांत ते नेहमीचं झालं. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या नवजातांची अशी चाळणी सुरू केली होती. महाराष्ट्रात खासगी प्रसूतिगृहांत पैसे मोजून ती सहज होते. सरकारी पातळीवर मात्र प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक बाळाची, न चुकता असं चित्र नाही.

एक गोष्ट आपल्याकडे आहे, आणि ती महाराष्ट्रातूनच सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब या चार गटांतले सुमारे ३० विकार त्यात धरले आहेत. डाऊन सिंड्रोम त्यात आहे आणि जन्मजात थायरॉइड दोषही. फिरती पथकं अंगणवाड्या आणि शाळा तपासतात, तर नवजात बाळाकडे आशाताई ठरलेल्या दिवसांना घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी हे दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. आशाताईच्या वहीत जिभेसाठी वेगळा रकाना असायला हवा, असं माझं मत आहे. पण त्याहून मोठी गरज आहे ती सातव्या दिवसाच्या आत घेतलेल्या त्या रक्ताच्या थेंबाची. पथक अंगणवाडीत पोचेपर्यंत मूल कितीतरी महिन्यांचं झालेलं असतं.

कळंब तालुक्यात एक अडचण आणखी आहे. हा उसाचा आणि सोयाबीनचा मुलूख. रांजणीसारख्या ठिकाणी साखर कारखाना आहे, आणि हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून इकडे येतात, इकडूनही बाहेर जातात. कोपीत राहणाऱ्या बाईची प्रसूती एका जिल्ह्यात, बाराव्या दिवशी मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात. तिच्या बाळाचा रिपोर्ट आला तरी तो कुणाच्या हातात द्यायचा? कागदावर घेतलेलं रक्त जसं टिकतं तसा मोबाइल नंबरही टिकला पाहिजे, नाहीतर चाळणी करून काही उपयोग नाही.

उपचार तसा स्वस्त आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज एकदा, सुरुवातीला बाळाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम. गोळी कुस्करून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची. पूर्ण बाटलीभर दुधात मिसळायची नाही, कारण बाळाने दूध अर्धं टाकलं की औषधही गेलं. लोह आणि कॅल्शियमची औषधं तिच्यासोबत नकोत. सोयाही तिचं शोषण कमी करतो, म्हणून सोयाची पावडर दूध म्हणून चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, त्यानुसार मात्रा बदलावी लागते. सोयाबीनच्या बाजारपेठेत हे सांगणं विचित्र वाटेल, पण गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवलेलं बरं, हे मोठ्यांनाही लागू आहे. मूल तीन वर्षांचं झालं की काहींमध्ये गोळी काही आठवडे थांबवून दोष कायमचा आहे का ते तपासतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. ‘आता बरं झालंय’ म्हणून घरच्यांनी गोळी बंद करायची नाही.

बेकविथ-वीडेमान सिंड्रोमची गोष्ट नेमकी उलटी. इथे जीभ जन्मापासूनच मोठी दिसते आणि तीच पहिली सूचना असते. अमेरिकेत ब्रूस बेकविथ यांनी १९६३ मध्ये आणि जर्मनीत हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी १९६४ मध्ये हा विकार स्वतंत्रपणे मांडला. अकराव्या गुणसूत्राच्या एका भागातल्या जनुकांचं नियंत्रण बिघडल्याने हे होतं. साधारण दहा हजारांहून थोड्या जास्त जन्मांमागे एक असं प्रमाण धरतात. बाळ वजनदार, जीभ मोठी, बेंबीत दोष, कानाच्या पाळीवर चिरेसारख्या खुणा, कधी शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. वजनदार बाळाचं घरात कौतुक होतं, आणि धोका तिथेच असतो: पहिल्या दिवसांत अशा बाळाची रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. प्रसूतिगृहात ग्लुकोमीटरच्या पट्टीवर साखर तपासायला दोन मिनिटं लागतात. दुसरा धोका मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या गाठींचा. तो काही टक्क्यांच्याच वाट्याला येतो, पण गाठ लवकर सापडली तर बहुधा बरी होते. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, साधारण सात वर्षांपर्यंत. सात वर्षं दर तिमाहीला एक फेरी, रोजंदारी बुडवून. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं, कारण दुसऱ्या वर्षी मूल ठणठणीत दिसू लागलं की फेऱ्या थांबतात.

काही मुलांची जीभ जन्मतः बरी असते आणि वर्ष-दोन वर्षांत जाड होत जाते. चेहराही बदलतो, पोट फुगतं, सांधे आखडतात. पेशींमध्ये साठत जाणाऱ्या पदार्थांचे हे आजार, म्युकोपॉलिसॅकरिडोसिस आणि त्यांच्या जवळचे. पॉम्पे आजारात जिभेसोबत हृदयाचा स्नायूही जाड होतो. यातल्या बहुतेकांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. मराठवाड्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत जुनी आहे आणि ती कुणाच्या टीकेने लगेच बदलणार नाही. पण एका मुलाला असा आजार निघाला तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घेणं, एवढं तरी त्या घराला सांगितलं गेलं पाहिजे. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. कळंबहून केईएम ही सोपी वाट नाही, तरी वाट आहे हे माहीत असावं.

जिभेची एकच बाजू फुगलेली, पृष्ठभागावर पाणीदार किंवा लालसर बारीक फोडांचे घोस, सर्दी-ताप आला की अचानक जास्त सूज आणि मधूनच रक्त, हे वर्णन लसीकावाहिन्यांच्या जन्मजात गुंतवळ्याचं. एकेकाळी याला कापण्यापलीकडे इलाज नव्हता आणि कापलं तरी तो पुन्हा वाढे. आता ब्लिओमायसिनसारखी औषधं आत टोचून वाहिन्या आकसवता येतात आणि सिरोलिमसच्या गोळ्यांनीही बराच फरक पडतो. रक्तवाहिन्यांची लाल गाठ असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं औषध चालतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे हा गुण योगायोगाने लक्षात आला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

   

आता ज्या जिभेसाठी मिनिटं मोजायची ती. काल ठीक असलेली जीभ आज तासाभरात सुजली तर तिथे कारण शोधत बसायचं नसतं. उसाच्या रसातून गांधीलमाशी तोंडात गेली, एखादं इंजेक्शन घेतलं, शेंगदाणा किंवा मासळी बाधली, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली: अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन हाच पहिला इलाज, अॅलर्जीच्या गोळ्या नंतर. १०८ला फोन करायचा आणि रुग्णाला आडवं न निजवता श्वास घ्यायला सोयीच्या स्थितीत बसवायचं.

पण एक सूज या इलाजाला नीट दाद देत नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या गटातली रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या थोड्या लोकांत जीभ, ओठ आणि घसा सुजतो. खाज नाही, गांधी नाहीत. गोळी दहा वर्षं निर्धास्त घेतलेल्या माणसालाही हे होऊ शकतं, त्यामुळे संशय तिच्यावर जातच नाही. सूज दोन दिवसांत उतरते, माणूस तीच गोळी पुन्हा सुरू करतो, आणि पुढची सूज अधिक मोठी येते. ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाची गोळी आणि जिभेची सूज एकत्र आली की ती गोळी जन्मभरासाठी बंद करून रक्तदाबावर दुसरी लिहून घ्यावी.

तिसरी घाईची सूज किडलेल्या दाढेतून येते. खालच्या दाढेचा पू हनुवटीखाली उतरतो, गळा लाकडासारखा घट्ट होतो आणि जीभ खालून वर उचलली जाते. विल्हेल्म फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये ही अवस्था वर्णिली. त्याच्या कितीतरी आधी सुश्रुताने जिभेच्या पाच रोगांत ‘अलास’ नावाची जिभेखालची घट्ट सूज सांगितली आहे आणि तिला असाध्य म्हटलं आहे. अलास म्हणजेच लुडविगचा आजार, असं ठामपणे जुळवणं मला धाडसाचं वाटतं. पण प्रतिजैविकांआधीच्या काळात अशा सुजेला असाध्य म्हणणारा वैद्य अनुभवी होता, यात शंका नाही. आज ती साध्य आहे, फक्त दाढदुखीवर आठवडाभर दुकानातली वेदनाशामक गोळी चघळत बसलं नाही तर.

चाळिशीनंतर हळूहळू जाड होणारी जीभ बहुतेकदा पुन्हा थायरॉइडकडेच बोट दाखवते: सुस्ती, आवाज जड, पाय जड, टीएसएच वाढलेलं. अंगठी घट्ट होणं, चपलेचं माप वाढणं आणि जुन्या फोटोतला चेहरा वेगळा दिसणं, हे सोबत असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ पाहावी लागते. सगळे दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची जीभ मोकळ्या जागेत पसरते, तो रोग नाही. पण मग कवळी बसवताना त्रास होतो, म्हणून दात पडल्यावर वर्षानुवर्षं थांबू नये. लाल, गुळगुळीत, झोंबणारी जीभ बी-१२च्या कमतरतेची असते, ती क्वचितच मोठी असते. आणि तंबाखू, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याच्या जिभेच्या एकाच बाजूला टणक गाठ असेल किंवा तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर तिथे बाकीची यादी बाजूला ठेवून आधी तुकडा तपासायला पाठवायचा. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते सांगायची गरज नाही.

एक कारण मात्र डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतं. जीभ टणक, कडांवर दातांचे खोल ठसे, जरा चोळलं तरी डोळ्यांभोवती काळेनिळे डाग, लघवीला फेस, हाताला मुंग्या, पायऱ्या चढताना दम. हे सगळं साठीच्या माणसात एकत्र दिसलं की एएल अमायलॉइडोसिसचा विचार करावा. अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडून एक प्रथिन तयार करतात आणि ते जीभ, हृदय, मूत्रपिंड यांत साचतं. जीभ जाड होणं या रुग्णांतल्या थोड्यांतच दिसतं, पण दिसलं तर निदान जवळजवळ तिथेच होतं. अशी जीभ कापून लहान करण्यात फारसा अर्थ नाही. इलाज अस्थिमज्जेवर करायचा असतो, आणि तो हृदय थकण्याआधी.

मग शस्त्रक्रिया कोणासाठी? मूळ कारणावर इलाज करूनही जीभ श्वास अडवते, दूध पिऊ देत नाही, जबडा विकृत करते किंवा बोलणं बिघडवते, त्यांच्यासाठी. बेकविथ-वीडेमानच्या सगळ्या मुलांना ती लागत नाही. चेहरा वाढेल तशी काहींची जीभ तोंडात सामावते. लागलीच तर शक्यतो पहिलं वर्ष उलटल्यावर करतात. पुढचा किंवा मधला भाग पाचरीसारखा काढून कडा शिवतात. चव, संवेदना आणि हालचाल सांभाळणाऱ्या नसा वाचवणं हे खरं कौशल्य. त्याहून कठीण काम भूलतज्ज्ञाचं असतं. मोठ्या जिभेपलीकडे श्वासनलिकेत नळी घालायची, आणि शस्त्रक्रियेनंतर जीभ आणखी सुजते म्हणून ती नळी काही दिवस तशीच सांभाळायची. बालरोग अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया करू नये, कोणी स्वस्तात करून देतो म्हटलं तरी.

कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयाने हे करावं अशी अपेक्षाच नाही. त्याने वजन, साखर, टीएसएच आणि सोनोग्राफी एवढं केलं आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवलं, तर निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. पुढे धाराशिवचं जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडलेलं नवं वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, किंवा केजमार्गे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. दात आणि जबड्यासाठी लातूरला दंत महाविद्यालय आहे. जाताना बाळाच्या वाढीचा तक्ता, आधीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत. मूल झोपेत घोरत असेल तर मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करून न्यावा, ओपीडीत जागं आणि घाबरलेलं मूल ते दाखवत नाही. तोवर घरी मुलाला कुशीवर झोपवावं आणि तान्ह्याला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने, उभं धरून, थोडं थोडं पाजावं. जीभ कोरडी पडून चिरत असेल तर ती ओल्या मऊ कापडाने टिपत राहावी. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पुढे वर्षभर वाचाउपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं, आणि हा माणूस तालुक्याला मिळत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याचं पद भरलेलं आहे की रिकामं, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच विचारून घ्यावं.